सांगायची चोरी : ऊसतोडीच्या पट्ट्यातले फोन आणि मागे राहिलेली मुले

दसरा झाला की बीड जिल्ह्यातली गावे रिकामी होऊ लागतात. गेवराई तालुक्यातले तलवाडा हे याच पट्ट्यातले गाव, त्वरितादेवीच्या ठाण्यामुळे ओळखले जाणारे. नवरात्र उरकते, मुकादमाकडून घेतलेली उचल फेडायचे दिवस येतात आणि या भागातल्या वाड्यावस्त्यांवरची जोडपी ट्रॅक्टर-ट्रकमध्ये संसार भरून पश्चिम महाराष्ट्रातल्या नि कर्नाटकातल्या साखर कारखान्यांकडे निघतात. नवरा-बायकोच्या या जोडीला मिळून 'कोयता' म्हणतात. लहानगी पोरे कोयत्यासोबत फडावर जातात. शाळा सोडू नये असे ज्यांच्या आईबापाला वाटते ती मागे राहतात, आजी-आजोबांपाशी किंवा शासनाच्या हंगामी वसतिगृहात. ती पुन्हा आईबापाला भेटतात ती उन्हाळ्याच्या तोंडावर.

या पाच-सहा महिन्यांत आईबाप आणि मुले यांच्यामध्ये एकच दुवा असतो : फोन. फडावरून संध्याकाळी येणारा आईचा फोन, शाळेच्या गटावर येणारा गृहपाठ, शिष्यवृत्तीचा अर्ज, पोलीस भरतीच्या सरावाच्या चित्रफिती, सगळे त्या एका काचेतून येते. त्याच काचेतून आणखीही बरेच काही येते. मुलांना इंटरनेटवर सुरक्षित कसे ठेवावे, या प्रश्नावर शहरात 'मुलाच्या हातातला फोन कमी करा' असे उत्तर मिळते. ते उत्तर इथे लागू पडत नाही. ज्या घरात फोन म्हणजेच आई आहे, त्या घरातून तो काढून घेता येत नाही. म्हणून हा प्रश्न या पट्ट्यातून पाहिला, तर त्याचा खरा गाभा लवकर दिसतो.

बंदी, भोंगा आणि त्यांच्या मर्यादा

खेड्यात स्मार्टफोन पोहोचला तो दोन टप्प्यांत. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आले आणि इंटरनेटचा दर एकदम कोसळला. मार्च २०२० मध्ये करोनाच्या टाळेबंदीत शाळा बंद झाल्या आणि वर्ग फोनवर भरू लागले. पहिल्या टप्प्यात फोन घरात आला, दुसऱ्या टप्प्यात तो घरातल्या मोठ्यांच्याच संमतीने मुलांच्या हातात गेला. शाळा उघडल्या, पण फोन परत मोठ्यांकडे गेला नाही.

याला गावांनी आपापल्या परीने उत्तरे शोधली. सांगली जिल्ह्यातल्या कडेगाव तालुक्यातील मोहित्यांचे वडगाव या गावाने ऑगस्ट २०२२ पासून रोज संध्याकाळी सात वाजता भोंगा वाजवायला सुरुवात केली. भोंगा वाजला की दीड तास घरोघर टीव्ही आणि मोबाइल बंद, मुले अभ्यासाला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये यवतमाळ जिल्ह्यातल्या पुसद तालुक्यातील बान्सी ग्रामपंचायतीने अठरा वर्षांखालच्या मुलांना मोबाइल वापरायला बंदी करणारा ठराव केला. दोन्ही बातम्या देशभर गाजल्या.

यांतला भोंग्याचा प्रयोग अधिक शहाणपणाचा वाटतो, कारण त्यात मोठ्यांचाही टीव्ही बंद होतो. पण वेळ कमी करणे आणि सुरक्षितता वाढवणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दिवसातून वीस मिनिटे फोन पाहणारी मुलगीही त्या वीस मिनिटांत अडकू शकते. बंदीचा धोका तर याहून पुढचा आहे. ज्या घरात फोन वापरणे हाच गुन्हा ठरतो, तिथे फोनवर काही वाईट घडले तर मूल ते सांगणार कसे? सांगायचे म्हणजे आधी स्वतःचा 'गुन्हा' कबूल करायचा. मराठीत याला अचूक शब्द आहे, सांगायची चोरी.

फसवणुकीची घडण

ही चोरी कुणाच्या पथ्यावर पडते हे समजण्यासाठी फसवणुकीची घडण पाहू. समजा, नववीतली एक मुलगी आहे. तिला इन्स्टाग्रामवर एका अनोळखी मुलीच्या नावाने विनंती येते. परस्परांच्या ओळखीचे चार-पाचजण यादीत दिसतात म्हणून ती स्वीकारते. (ती ओळख खोटी असते, त्या चार-पाचजणांनीही अशीच डोळे झाकून विनंती स्वीकारलेली असते.) आठवडाभर साध्या गप्पा होतात. मग संभाषण व्हॉट्सॲपवर येते, म्हणजे तिचा नंबर जातो. मग एखादा फोटो मागितला जातो, किंवा व्हिडिओ कॉल येतो नि पलीकडून पडद्यावरचे सगळे टिपले जाते. त्यानंतर सूर एका क्षणात बदलतो. 'अमुक पैसे पाठव, नाहीतर हे तुझ्या मामाला, शाळेच्या गटावर पाठवतो.' पुरावा म्हणून तिच्याच ओळखीच्यांची यादी तिला दाखवली जाते.

मुलांच्या बाबतीतही हीच घडण चालते. फरक इतकाच की मुलाकडून बहुधा पैसा मागतात आणि मुलीकडून पुष्कळदा आणखी फोटो.

या व्यवहारात गुन्हेगाराचे भांडवल कोणते? तो फोटो नव्हे. फोटो पसरवला की त्याचा धाक संपतो. शिवाय त्याच्या मागावर पोलीस येण्याची शक्यता वाढते. त्याचे खरे भांडवल आहे मुलीची खात्री, की हे घरी कळले तर घर तिच्या बाजूने उभे राहणार नाही. ही खात्री तो निर्माण करत नाही. ती आपण आधीच तयार करून ठेवलेली असते, तो फक्त वापरतो. म्हणूनच पैसे देऊन हे प्रकरण मिटत नाही. पैसे देणे म्हणजे 'मी कुणालाही सांगितलेले नाही' अशी पावती देणे, आणि ती मिळाली की पुढची मागणी येते.

मराठवाड्यात या भीतीला आणखी एक धार आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९-२१) बीड जिल्ह्यातल्या वीस ते चोवीस वयाच्या स्त्रियांपैकी चाळीस टक्क्यांहून अधिक जणींचे लग्न अठराव्या वर्षाआधी झालेले होते. जिथे वयात आलेली मुलगी मागे ठेवून सहा महिने फडावर जायचे असते, तिथे आईबापाच्या मनाला कायमचा घोर असतो. 'काहीतरी झाले' अशी कुणकुण लागली की आधी फोन जातो, मग शाळा, मग स्थळ पाहायला सुरुवात होते. मुलीला हा क्रम तोंडपाठ असतो. तिने तोंड न उघडणे हा तिचा भित्रेपणा नाही, तिच्या परीने केलेला हिशेब आहे. तो हिशेब बदलल्याशिवाय पासवर्डाविषयीची व्याख्याने उपयोगाची नाहीत.

'तू फोटो पाठवलासच का?'

घरात पहिला प्रश्न येतो तो हा. तो अन्यायाचा तर आहेच, पण आता जुनाही झाला आहे. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनांनी कुणाच्याही साध्या चेहऱ्याच्या फोटोपासून अश्लील चित्र तयार करता येते. त्यासाठी मुलीने काहीही पाठवायची गरज उरलेली नाही. शाळेच्या स्नेहसंमेलनातला फोटो, मावशीच्या लग्नातला स्टेटस, तोही वडिलांनीच ठेवलेला, एवढे पुरते.

कायद्याने हे ओळखले आहे. लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण करणारा २०१२ चा कायदा, ज्याला आपण 'पॉक्सो' म्हणतो, त्यात २०१९ मध्ये दुरुस्ती झाली. खऱ्या बालकासारखे भासणारे संगणकनिर्मित चित्र, किंवा बदल करून बालकाचे वाटावे असे केलेले चित्र, हेही तिने बालकांच्या अश्लील चित्रणाच्या व्याख्येत आणले. माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६७ ब असे साहित्य तयार करणे, पाठवणे, शोधणे, उतरवून घेणे या सगळ्यालाच गुन्हा मानते. पहिल्या अपराधाला पाच वर्षांपर्यंत कैद आणि दहा लाखांपर्यंत दंड आहे. २३ सप्टेंबर २०२४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने असे साहित्य नुसते जवळ बाळगणे, न काढून टाकणे, न कळवणे हेही कोणत्या परिस्थितीत गुन्हा ठरते ते स्पष्ट केले, आणि 'अश्लील चित्रण' हा शब्दच चुकीचा असून यात मुलाचे शोषण आहे हे शब्दातूनही दिसले पाहिजे, असे सांगितले.

यातून एक व्यावहारिक इशारा निघतो, जो भल्याभल्यांना माहीत नसतो. मुलीच्या मदतीला धावलेला भाऊ किंवा शिक्षक 'पुरावा' म्हणून ते चित्र चार जाणत्यांना पाठवतो. तसे करू नये. ते पसरवणेच होते. चित्र ज्या फोनवर आले त्याच फोनवर राहू द्यावे, आणि पोलिसांना तो फोन दाखवावा.

पहिल्या दिवशी काय करायचे

पहिली गोष्ट, पैसे द्यायचे नाहीत आणि आणखी काही पाठवायचे नाही. दुसरी, घाबरून संभाषण पुसून टाकायचे नाही. धमकीचे संदेश, समोरच्याचे खात्याचे नाव, नंबर, तारीख-वेळ यांचे पडद्यावरून चित्र घेऊन ठेवायचे. ब्लॉक करायचे ते त्यानंतर. तिसरी, त्या समाजमाध्यमावरच तक्रार नोंदवायची. २०२१ च्या केंद्रीय नियमांनी नग्न किंवा फेरफार केलेल्या खासगी चित्रांबाबत संबंधित व्यक्तीची तक्रार आली की ते काढण्यासाठी कंपनीला मुळात २४ तासांची मुदत घालून दिली.

चौथी गोष्ट फारशी कुणाला ठाऊक नाही. अमेरिकेतल्या बेपत्ता व शोषित मुलांसाठीच्या राष्ट्रीय केंद्राने २०२३ मध्ये 'टेक इट डाउन' ही मोफत सेवा सुरू केली. अठरा वर्षांखालच्या वयातल्या आपल्या चित्राचा 'ठसा' तिथे नोंदवता येतो. चित्र फोनच्या बाहेर जात नाही. फोनवरच त्याच्यापासून एक लांबलचक आकडा तयार होतो आणि तेवढाच पाठवला जातो. बोटाच्या ठशावरून माणूस ओळखावा, पण ठशावरून चेहरा काढता येऊ नये, तसे हे आहे. सहभागी कंपन्या त्या ठशाशी जुळणारे चित्र आपल्याकडे सापडल्यास अडवतात. अठरा वर्षांवरच्यांसाठी 'स्टॉप एनसीआयआय' ही अशीच सेवा आहे. मर्यादाही लक्षात ठेवावी : व्हॉट्सॲपसारख्या कुलूपबंद खासगी संदेशांमध्ये हा ठसा पोहोचत नाही.

पाचवी गोष्ट म्हणजे तक्रार. मुलांसाठी १०९८ हा क्रमांक आहे; १९९६ मध्ये मुंबईत सुरू झालेली ही सेवा आज देशभर आहे. सायबर गुन्ह्यांसाठी १९३० हा क्रमांक आणि केंद्र सरकारचे राष्ट्रीय सायबर गुन्हे नोंदणी पोर्टल आहे. स्त्रिया व बालकांविषयीच्या मजकुराची तक्रार तिथे नाव न देताही करता येते.

आणि पोलीस ठाणे. तलवाड्याला स्वतःचे पोलीस ठाणे आहे. जिल्ह्याचे सायबर ठाणे बीडला. 'हे सायबरचं आहे, बीडला जा' असे उत्तर कुठल्याही ठाण्यात मिळू शकते, आणि ते अर्धेच खरे असते. माहिती तंत्रज्ञान कायद्याखालचा तपास पोलीस निरीक्षकाच्या खालच्या अधिकाऱ्याने करता येत नाही, हे खरे. पण तपास करणे वेगळे नि तक्रार नोंदवणे वेगळे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे गुन्हा कुठेही घडलेला असो, दखलपात्र गुन्ह्याची खबर कोणत्याही ठाण्यात देता येते. पॉक्सोखालचा गुन्हा नोंदवून न घेणे हा तर स्वतःच शिक्षापात्र अपराध आहे.

'नाव बाहेर येईल' ही भीती मोठी असते. तिच्यासाठीही तरतूद आहे. बालकाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याला सोयीच्या ठिकाणी, शक्य तिथे महिला अधिकाऱ्याने घ्यायचा आहे. अधिकारी गणवेशात असता कामा नये. मुलाला रात्री ठाण्यात थांबवता येत नाही. मुलाचे नाव, शाळा, घर, शेजार, काहीही प्रसिद्ध करण्याला मनाई आहे. हे नियम कागदावर आहेत म्हणून आपोआप पाळले जातात असे नाही. पण सोबत गेलेल्या मोठ्या माणसाला ते ठाऊक असले, तर पाळले जाण्याची शक्यता पुष्कळ वाढते.

मुलग्यांचे धोके : भाड्याचे खाते आणि पुढे ढकललेला निरोप

ऑनलाइन सुरक्षितता म्हणजे मुलींची इज्जत, असा आपला समज आहे. त्यामुळे मुलग्यांकडे कुणी पाहत नाही. त्यांच्यासाठी दोन सापळे वेगळे आहेत.

पहिला खात्याचा. सायबर चोरीचा पैसा चोर स्वतःच्या खात्यात घेत नाही. तो आठ-दहा खात्यांतून फिरवतो. ही खाती लागतात कुठून? बारावी झालेला, हाताला काम नसलेला एखादा पोरगा, त्याला कुणीतरी सांगतो, 'तुझं खातं नि सिमकार्ड दोन महिने दे, हजार-दोन हजार मिळतील.' त्याला ते खोली भाड्याने दिल्यासारखे वाटते. पुढे केरळात किंवा गुजरातेत कुणाची तरी जन्माची पुंजी जाते आणि पोलीस पोहोचतात ते या पोराच्या दारात, कारण कागदावर पैसे त्यानेच घेतलेले असतात. ज्या मुलाने पहाटे माळरानावर धावून पोलीस भरतीची तयारी चालवलेली असते, त्याच्या चारित्र्य पडताळणीत हे प्रकरण आडवे येते. खाते, सिम, आधार यांपैकी काहीही 'वापरायला' देऊ नये, मित्रालाही नाही. हे एवढे एक वाक्य दहावी-बारावीच्या प्रत्येक वर्गात सांगितले जायला हवे. पैशाच्या ऑनलाइन खेळांवर ऑगस्ट २०२५ च्या केंद्रीय कायद्याने बंदी आणली. त्यानंतरही 'खेळून कमवा' म्हणणारा जो कुणी भेटेल, तो कायद्याबाहेरचाच आहे असे समजावे.

आपलाच पैसा गेला असेल, तर १९३० वर लगेच फोन करावा. कारण पैसा एका खात्यातून दुसऱ्यात जातो तो मिनिटांत. तक्रार होताच संबंधित बँकांना सूचना जाते आणि जो पैसा अजून साखळीत असेल तो थांबवता येतो. बाहेर काढला गेलेला पैसा परत मिळणे कठीण. म्हणून व्यवहाराचा क्रमांक, वेळ आणि खाते हाताशी ठेवून त्याच घटकेला कळवावे. 'उद्या पाहू' म्हणण्यात रात्रभरात सगळे संपते.

दुसरा सापळा पुढे ढकलण्याचा. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात राईनपाडा इथे आठवडी बाजाराच्या दिवशी पाच माणसांना जमावाने ठेचून मारले. ती नाथपंथी डवरी गोसावी समाजाची, सोलापूर जिल्ह्याकडची भिक्षेकरी माणसे होती. 'मुले पळवणारी टोळी फिरते आहे' असे निरोप त्या काळात व्हॉट्सॲपवर फिरत होते. देशभर फिरलेली अशी एक चित्रफीत तर कराचीतल्या बालसुरक्षेच्या जाहिरातीची होती. शेवटी मूल परत आणून सोडले जाते, तेवढा भाग कापून ती पुढे पाठवली गेली होती. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एका वेळी पाचच ठिकाणी निरोप पुढे पाठवता येईल अशी मर्यादा आणायचे जाहीर केले. ज्यांनी तो निरोप पुढे ढकलला त्यांतल्या बहुतेकांना आपण मुलांची काळजीच घेतो आहोत असे वाटले असणार. पोटासाठी गावोगाव फिरणाऱ्यांविषयी अविश्वास पसरला तर काय होते, हे ऊसतोडीच्या पट्ट्याला वेगळे सांगायला नको. परक्या शिवारात कोप घालून राहणारी आपली माणसेही तिथल्या गावाला अनोळखीच असतात.

मोठ्यांनी करायचे काम

फोनची व्यवस्था लावायला तासभर पुरतो. खाते खासगी करणे. अनोळखीला संदेश पाठवता येणार नाही अशी मांडणी करणे. व्हॉट्सॲप आणि इन्स्टाग्रामला दुहेरी कुलूप लावणे. प्रोफाइल फोटो फक्त ओळखीच्यांना दिसेल असे करणे. कुणी सांगितले म्हणून कुठलेही ॲप न उतरवणे. हंगामी वसतिगृहात किंवा शाळेत एखादे शिक्षक वर्षातून दोनदा मुलांसोबत बसून हे करून घेऊ शकतात. आजीला हे जमणार नाही, आणि जमावे अशी अपेक्षाही नको.

आजीला जमेल ते दुसरेच काम आहे, आणि तेच अधिक मोलाचे आहे. फडावर निघण्याआधी आईने, आणि मागे राहिल्यावर आजीने, मुलाला एक वचन द्यायचे : 'फोनवर कुणी त्रास दिला, काही चुकलं, तर आधी मला सांग. मी ओरडणार नाही, फोन काढून घेणार नाही, तुझी शाळा बंद करणार नाही.' हे काही घडण्याआधी सांगायला हवे. घडल्यावर सांगितले तर मूल ते ऐकण्याच्या स्थितीत नसते. आणि दिलेले वचन मोडायचे नाही, कारण एका मुलीच्या बाबतीत ते मोडले की वस्तीवरच्या दहा जणी त्यातून धडा घेतात आणि गप्प बसतात. ज्याला घरी सांगता येत नाही त्याच्यासाठी शाळेतली एक बाई, वसतिगृहातली एक ताई, गावातली आशाताई, असे एक तरी नाव आधीच ठरलेले असावे.

तलवाड्याच्या देवीचे नाव त्वरिता, म्हणजे त्वरेने धावून येणारी. इथल्या माणसांना त्वरेचे मोल नव्याने शिकवायला नको. गेलेला पैसा असो की सुटलेले चित्र, पहिल्या काही तासांत पुष्कळ काही वाचवता येते. ते तास वाया जातात ते पोलीस दूर असतात म्हणून कमी, आणि मूल सांगावे की नाही या विचारात रात्र काढते म्हणून अधिक. यंदाही कोयते निघतील. संध्याकाळी फडावरून फोन येईल, आई जेवलास का म्हणून विचारील. त्यापुढे तिने आणखी एक विचारावे, 'फोनवर कुणी त्रास तर देत नाही ना?' आणि उत्तर येईपर्यंत थोडे थांबावे.